यादीत नाव कोणी घालायचे?

२६ एप्रिल २०२४ चा दिवस. परभणी लोकसभा मतदारसंघात मतदान होते. दुपारी बाराच्या सुमाराला जिंतूर तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या पडवीत मी बसलो होतो. निवृत्त शिक्षकाला मतदानाच्या दिवशी काम नसते; पण ज्याने उभी नोकरी मतदानाच्या पेट्या वाहिल्या त्याला त्या दिवशी घरात बसवतही नाही. ऊन असे, की शाळेपुढच्या लिंबाची सावलीसुद्धा तापलेली. तेवढ्यात एक बाई आली. डोक्यावर पदर, कडेवर पोर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले मतदार ओळखपत्र. टेबल मांडून बसलेल्या माणसाने यादीची पाने तीनदा उलटसुलट केली. नाव नव्हते.

“कार्ड हाय की माझ्याकडं,” ती म्हणाली.

“कार्ड आहे माय, पण यादीत नाव नाही. यादीत नसलं तर मत देता येत नाही.”

“मंग कार्ड कशाला देल्तं?”

या प्रश्नाला त्या टेबलापाशी कोणाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. २०१९ साली तिने याच खोलीत मत दिले होते. तिच्या नवऱ्याचे नाव यादीत होते, सासूचे होते आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचेही होते. म्हणजे मेलेला माणूस मतदार राहिला आणि जिवंत बाई दारातून परत गेली. तिचे नाव कोणी, कधी आणि कशासाठी काढले, हे शेवटपर्यंत कळले नाही. माझा तर्क आहे, आणि तो पुढे सांगतोच. पण मला त्या दिवसापासून छळणारा प्रश्न वेगळा आहे. यादीत नाव घालणे हे काम मुळात कोणाचे? तिचे, की सरकारचे?

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. त्यासाठी शिक्षण, शेतजमीन, कर यांपैकी कशाची अट घातली नाही. वयाची अट २१ ची होती, ती ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून १८ वर आली. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की प्रत्येक मतदारसंघासाठी एक मतदार यादी असेल आणि ती निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार केली जाईल. ‘तयार केली जाईल’ असे कायदा म्हणतो. नागरिकांनी ती तयार करून घ्यावी असे म्हणत नाही. ज्याचे नाव राहून गेले असेल त्याला अर्ज करण्याची सोय त्याच कायद्यात पुढे दिली आहे. ती सोय होती अपवादासाठी. आज तोच राजमार्ग होऊन बसला आहे. अठरा वर्षे पुरी झाली? नमुना ६ भरा. सासरी आलात? नमुना ८ भरा. नाव चुकले? पुन्हा नमुना ८. फोटो जोडा, वयाचा दाखला जोडा, राहण्याचा पुरावा जोडा. हक्क घटनेचा, आणि त्याची याचना मात्र तहसिलाच्या खिडकीशी.

सुरुवात अशी नव्हती. घटना अमलात येण्यापूर्वीच, १९४८ पासून, पहिल्या मतदार यादीचे काम देशात सुरू झाले होते. सरकारी माणूस घरोघर, निर्वासितांच्या छावण्यांतूनसुद्धा, नावे लिहीत फिरला. ऑर्निट शानी या अभ्यासक बाईंनी या यादीच्या जन्मकथेवर २०१८ साली अख्खा ग्रंथ लिहिला आहे. सुमारे १७ कोटी ३० लाख माणसांची ती यादी झाली, आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर. अर्ज लिहिता येणे ही अट असती तर पहिली निवडणूक मूठभर वकील-मास्तरांची झाली असती.

आपल्याकडचे तर आणखी नवल. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, त्यापूर्वी येथल्या कुणब्याला प्रौढ मताधिकार हा शब्दही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे म्हणून जग ज्या गावाची थट्टा करी, त्या गावातला साधा माणूस साडेतीन वर्षांच्या आत निजामाच्या प्रजाजनाचा मतदार झाला आणि हैदराबाद राज्याच्या पहिल्या विधानसभेसाठी मत देऊन आला. त्यासाठी त्याला कोणत्या कचेरीत खेटे घालावे लागले नाहीत. राज्य त्याच्या दारात आले. आज ‘स्वयंचलित मतदार नोंदणी’ असा भारदस्त शब्द परदेशातून आला की आपण माना डोलावतो. त्यातले तत्त्व मात्र आपल्या आजोबांच्या वेळी येथे राबवून झालेले आहे.

त्या पहिल्या यादीत दोषही होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे असा पेच आला, की लाखो बायांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच लिहिलेले. अशी सुमारे २८ लाख नावे शेवटी यादीतून गळली. ती बहुतेक उत्तरेकडची. आपल्याकडे बाईला स्वतःचे नाव सांगायला अडचण नसे, नवऱ्याचे घ्यायला मात्र उखाणा लागे. पण आपल्याकडचा घोळ निराळाच आहे. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि कित्येक घरांत तिचे पहिले नावही तांदळात अंगठीने लिहून बदलतात. शाळेच्या दाखल्यावर ती एक, आधार कार्डावर दुसरी, रेशन कार्डावर तिसरी. या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा तिच्याच डोक्यावर. माहेरच्या यादीतून नाव काढले जाते तत्परतेने, कारण ‘लग्न होऊन गेली’ हे सगळ्या गावाला ठाऊक असते. सासरच्या यादीत ते चढायला मात्र दोन-दोन निवडणुका जातात. मी स्वतः घरोघर फिरून याद्या केल्या आहेत, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आता त्या बाईच्या नावाविषयीचा माझा तर्क. तिचे कुटुंब ऊसतोडीचे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या बाजूंनी दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरतात. उचल घेतलेली असते, त्यामुळे ‘यंदा जात नाही’ म्हणण्याची सोय नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. घराला कुलूप, म्हातारी माणसे मागे. कधी तीही नाहीत. परत येणे मार्च-एप्रिलात. आणि आमच्या मतदार यादीचे वार्षिक संक्षिप्त पुनरीक्षण कधी? २०२३ साली दसरा होता २४ ऑक्टोबरला. प्रारूप यादी लागली २७ ऑक्टोबरला. राज्याचा गाळप हंगाम सुरू झाला १ नोव्हेंबरला. दावे आणि हरकती घेण्याची मुदत ९ डिसेंबरपर्यंत. ज्या सहा आठवड्यांत यादी तपासायची, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत यादीतला माणूस साडेतीनशे किलोमीटरवर कोणाच्या तरी फडात वाढे बांधत असतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (खेड्यात तो बहुधा शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका) दारात येतो, कुलूप पाहतो, शेरा मारतो: ‘स्थलांतरित’. नाव वगळण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते हे खरे. ती कुलपालाच दिली जाते.

वास्तविक कायदा या बाबतीत माणसाच्या बाजूचा आहे. १९५० च्या कायद्याच्या २० व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की नेहमीच्या राहण्याच्या जागेवरून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यामुळे तेथला रहिवासी राहत नाही असे नाही. ऊसतोडीला गेलेला मजूर याच वर्णनात बसतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सांगितले, की ज्याचे नाव पूर्वीच्या यादीत होते त्याला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची खरी संधी दिल्याशिवाय वगळता येणार नाही. तेव्हा कायद्यात खोट नाही, पंचांगात आहे.

बरे, शिक्षकाला दोष द्यावा, तर त्याचेही ऐकून घ्या. शिक्षण हक्क कायद्याने अशैक्षणिक कामे काढून घेतली. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक मात्र ठेवली. वर्गात चाळीस पोरे बसवून हा माणूस दुपारी वस्त्यांवर फिरतो. जिंतूरकडच्या एखाद्या तांड्यावर दुसऱ्यांदा जाण्याचे त्राण त्याच्यात नसते.

तरुणांचे काय? २०२४ च्या लोकसभेपूर्वी १८ ते १९ वयाचे देशभरात सुमारे १ कोटी ८० लाख मतदार नोंदले गेल्याचे निवडणूक आयोगाने कौतुकाने सांगितले. लोकसंख्येच्या अंदाजाशी हा आकडा ताडून पाहिला तर त्या वयाच्या निम्म्या मुलामुलींचीही नावे यादीत आलेली नाहीत असे दिसते. आपण लगेच ‘आजच्या पिढीला आस्था नाही’ असे म्हणून मोकळे होतो. पण परभणीच्या एखाद्या खोलीवर चौघांत राहून भरतीचा अभ्यास करणारा मुलगा घ्या. घरमालक भाडेपावती देत नाही, विजेचे बिल मालकाच्या नावे, गाव सत्तर किलोमीटरवर. त्याने कोठल्या पत्त्यावर अर्ज करावा? अनास्था थोडी असेलही. खेटे अधिक आहेत.

आणि आता जे सांगतो ते मलाही निवृत्त झाल्यावर कळले. मतदार नोंदणीचे नियम १९६० चे. त्यांतला नववा नियम असा, की यादी तयार करण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याला जन्म-मृत्यूची नोंदवही आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेचे प्रवेशाचे रजिस्टर पाहता येईल, आणि ज्याच्या ताब्यात ते आहे त्याने मागितलेली माहिती देणे हे त्याचे कर्तव्य राहील. प्रवेशाचे रजिस्टर म्हणजे आमचे दाखलखारीज. नोकरीची सगळी वर्षे ते माझ्या कपाटात होते. त्यात नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव सगळे. एकाही निवडणुकीच्या आधी कोणी ते मागायला आले नाही. या वर्षी कोणकोण अठरा वर्षांचे होणार याची यादी प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून असते, आणि आपण त्याच मुलांच्या हातात ‘नोंदणी करा’ असे फलक देऊन प्रभातफेरी काढतो. २०११ पासून दर २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनी आम्ही हे मनोभावे केले.

(दाखलखारीज म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही कबूल करतो. मराठवाड्यात माझ्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. पण हल्ली जन्मनोंदी होतात.)

नुसते रजिस्टर पाहण्यापलीकडे जाण्याची भाषाही दिल्लीत झाली आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितले, की जन्म-मृत्यूची नोंद मतदार यादीला जोडू. अठरा वर्षे पुरी होताच नाव आपोआप यादीत येईल आणि मृत्यूची नोंद होताच आयोगाला कळेल. त्याच वर्षी जन्म-मृत्यू नोंदणी कायदा दुरुस्त झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. पुढे मे २०२५ मध्ये आयोगाने जाहीर केले, की मृत्यूच्या नोंदी महानिबंधकांकडून थेट संगणकावर मिळवू. म्हणजे पाहा, जोडणीतला वगळण्याचा अर्धा भाग आधी हाती घेतला गेला. जन्माकडून नाव घालण्याचा अर्धा भाग अजून भाषणातच आहे. माझ्या मते क्रम उलटा हवा होता.

अन्यत्र हे कसे चालते? जर्मनी, स्वीडनमध्ये रहिवाशांच्या नोंदवहीवरूनच यादी निघते आणि मतदानाची सूचना टपालाने घरी येते. तेथे अर्ज हा प्रकार नाही. अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने २०१६ पासून वाहन परवाना घेणाऱ्या पात्र नागरिकाचे नाव आपोआप घालायला सुरुवात केली. नको असेल त्याने कळवावे. चिलीने २०१२ साली आपोआप नोंदणी आणली, तेव्हा यादी सुमारे ८० लाखांवरून १ कोटी ३० लाखांवर गेली. अर्थात त्याच वेळी तेथे मतदानाची सक्ती उठली आणि प्रत्यक्ष मतदान घटले. यादीत नाव आले म्हणजे माणूस केंद्रावर येतोच असे नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. नोंदवह्या जोडल्या की यंत्र जसे नाव घालते तसे काढतेही, आणि यंत्राला कुलपामागचे घर दिसत नाही. तेलंगणाने हे भोगले. २०१५ मध्ये मतदार यादी आधारशी जोडून ‘शुद्ध’ करण्याची मोहीम निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली, पण तोवर नावे गेली होती, आणि २०१८ च्या विधानसभेला मतदार कार्ड हातात धरून हताशपणे परत फिरले. त्यांचा प्रश्न आमच्या जिंतूरच्या बाईचाच. बिहारचे उदाहरण अधिक ताजे आहे. जून २०२५ मध्ये तेथे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. आधीची यादी ७ कोटी ८९ लाखांची. १ ऑगस्टची प्रारूप यादी ७ कोटी २४ लाखांची. मधली ६५ लाख नावे मृत, स्थलांतरित, दुबार अशा सदरांत गेली. कोणाचे नाव का गेले, हे कारणासह प्रसिद्ध करा, असे १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. बिहार हाही परगावी राबणाऱ्यांचा मुलूख आहे. ‘स्थलांतरित’ या एका शब्दात तेथे काय काय बसले असेल याची कल्पना आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना लगेच येते.

म्हणून माझे म्हणणे असे, की नाव घालताना नोंदवह्यांवर विश्वास ठेवावा. काढताना कधीही नाही. मृत्यूचा दाखला ठीक. पण ‘स्थलांतरित’ म्हणून नाव काढायचे तर माणूस समोर हवा, नाहीतर त्याने दुसरीकडे नोंद केल्याचा पुरावा हवा. नागरिकत्वाचा प्रश्नही उपस्थित होईल. जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे कायद्याने बरोबर आहे. पण आज नमुना ६ मध्येही नागरिक स्वतःच्या सहीने तसे जाहीरच करतो. तीच सही घरी पाठवलेल्या कागदावर घ्यावी. स्वयंचलित नोंदणीच्या नावाखाली गोरगरिबांच्या आईबापांचे दाखले मागू लागलात, तर तो कारभार स्वयंचलित म्हणता येणार नाही.

दुबार नावांचा गवगवा अलीकडे फार झाला. १ नोव्हेंबर २०२५ ला तर मुंबईत विरोधी पक्षांनी त्यासाठी मोर्चा काढला. त्यातल्या राजकारणात मी शिरत नाही. परंतु दुबार नावांचा एक उगम मला ठाऊक आहे. पुण्याला गेलेला आमचा मुलगा तेथे जागा बदलल्याचा नमुना ८ भरत नाही, नव्याने नमुना ६ भरतो, कारण त्याला तोच माहीत असतो. गावचे नाव तसेच राहते. आणि गावालाही ते हवेच असते! ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते; वॉर्डात पाच-दहा मतांनी सरपंचकीची गणिते ठरतात. मतदानाच्या आदल्या रात्री पुण्याहून गाड्या भरून येतात आणि जेवणाची सोय शेतात असते. एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असावे असे मनापासून वाटत असेल, तर नवे नाव चढताच जुने त्याच्या संमतीने उतरेल अशी एकच व्यवस्था हवी. ती उमेदवारांना कितपत आवडेल, सांगता येत नाही.

परभणीपुरते एक तर उद्या करता येण्यासारखे आहे. २०२२ पासून अर्हता दिनांक वर्षातून चार झाले: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मराठवाड्यातली घरोघर फेरी जुलै-ऑगस्टात घ्या. पेरण्या उरकलेल्या असतात, तोडीचे लोक गावात असतात, पोळ्यापर्यंत कोणी हलत नाही. तलाठी सातबाऱ्याचे चावडीवाचन करतो, तशी मतदार यादी पारावर मोठ्याने वाचा. कोण मेले, कोण नांदायला गेली, कोण तोडीला जाते पण परत येते, हे गावाला तोंडपाठ असते. पुनरीक्षणात ग्रामसभेपुढे यादी वाचण्याची सूचना पूर्वी निघाली आहे, पण ती हिवाळ्यातल्या रिकाम्या गावात कोण ऐकणार? आणि दहावी-बारावीच्या शाळांनी दाखलखारीज उघडून सतरा ओलांडलेल्यांची यादी तहसिलात द्यावी. सतराव्या वर्षी आगाऊ अर्ज घेण्याची मुभा आहेच. तो अर्ज शाळेने भरावा, मुलाने सही करावी.

त्या बाईचा नमुना ६ मीच भरला, २०२४ च्या जुलैत, तिच्या ओट्यावर बसून. नाव कोणते लिहायचे यावर अर्धा तास गेला. शेवटी आधारवरचे लिहिले. ऑक्टोबरात यादी पाहिली, नाव आले होते. नवऱ्याच्या खाली ती, सासू, आणि अजूनही सासरा. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. मी सकाळी केंद्रावर गेलो, तिचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. गाळप हंगाम १५ ला सुरू झाला होता, आणि मुकादमाची गाडी त्याआधीच भरून गेली होती. घराला कुलूप होते.